मिरीचं दुपारचं जेवण

दि. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

लग्नाहून आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नात मिरी, सुखरूप पोचलो. आता पोचून महिना व्हायला आला आणि मी आत्ता कळवतोय. रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, मला फोनवर ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि आमचं घर एवढंसं की मी ओरडलो की आतल्या खोलीत सगळं कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शाळा चौथीत सुटली आणि हातात कात्री आली, ती नजर कमी होईपर्यंत सुटली नाही. चुकलेलं तू मनातल्या मनात नीट करून वाच.

लग्न छान झालं. तुझी नातसून हसरी आहे. ती बोलत होती तेव्हा तू सारखी मान डोलवत होतीस, तेव्हाच मी ओळखलं की तुला एक अक्षर ऐकू येत नाहीये. यंत्र कानात घालायला दिलंय, डबीत ठेवायला नाही.

निघताना तू विचारलंस की जेवणाच्या वेळी आम्ही दोघं कुठे गायब झालो होतो. अगं, गर्दी किती होती. मला गर्दीत घेरी येते. म्हणून मागच्या बाजूला जरा मोकळं बसलो, एवढंच. मनात काही आणू नकोस.

आणि तू विचारत होतीस की पोरीला नळीतून देतात तरी काय. तेव्हा सांगणं झालं नाही. हिच्या गळ्याचे स्नायू जन्मापासून कमजोर, गिळलेलं श्वासाच्या वाटेला जातं आणि छाती भरते, हे तुला माहीत आहे. म्हणून पोटावर ते बटण. त्याला नळी जोडायची आणि अन्न सरळ पोटात. आधी डब्यातली पावडर पाण्यात कालवून द्यायचो. ती काही तिला मानवली नाही, सगळी उलटून पडायची. गादी, उशी, माझे शर्ट, काही म्हणता काही सुटलं नाही. मग इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनीच सूनबाईला घरचं जेवण द्यायला शिकवलं. भात, डाळ, गाजर, पालक, उकडलेलं अंडं, वर चमचाभर तेल, जे आपल्या ताटात तेच, फक्त तिखट नाही. मिक्सरमधून अगदी गंधासारखं बारीक काढायचं, चाळणीतून गाळायचं, मोठ्या सिरिंजमध्ये भरून हळूहळू सोडायचं. आधी आणि नंतर पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. तुला सांगतो अक्का, उलट्या थांबल्या. गालांवर मांस आलं. केससुद्धा दाट झाले.

घरात तिने एक नियम केलाय. झाकण काढल्यावर भांड्याचा वास आधी तिने घ्यायचा. मग मिक्सर. आणि तिची सिरिंज सुरू झाल्याशिवाय टेबलावर कुणी घास उचलायचा नाही. तिचा बाप जहाजावरून घरी आला की तोसुद्धा हात मांडीवर ठेवून वाट बघतो. जीभ अशी तिखट, म्हणून तर मिरी.

दुपारचं जेवण ती शाळेत घेते. सूनबाई पहाटेच गार पिशवीत बाटली भरून ठेवते आणि औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. शाळेतल्या नर्सबाई ते कोमट करून देतात. मी फ्रॉकना पोटाशी एक चीर ठेवलीय, वरून पट्टी, आत टिचबटणं. फ्रॉक वर करावा लागत नाही.

आता जिवाला घोर लागलाय तो सांगतो. या वेळच्या तपासणीत मिरीचं वजन उतरलं. थोडंथोडकं नाही. सूनबाईने तेल वाढवलं, अंडं वाढवलं, तरी कपडे सैल होतायत. माझ्या हातचे कपडे आहेत, मला टेप न लावता कळतं. कशाने होतंय कळत नाही. मला तर काही सुचत नाही.

तुझा लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा,
धाकटा

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. यंत्र कानात घालून तुझं पत्र वाचलं, म्हणजे तू मला ओरडताना ऐकू यावास. मी मान डोलवते ती चारचौघांत बरं दिसावं म्हणून. तू तुझ्या टकलावर टोपी घालतोस ती काय थंडीची?

माझी कंबर अजून लग्नातल्या खुर्च्या मोजतेय. नातसून गोड आहे, पण चहात साखर घालायला तिचा हात आखडतो. होईल हळूहळू.

आता तुझं. गर्दीत तुला घेरी येते हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. बाजाराच्या तोंडाशी शिवणाचं दुकान मांडून जन्म काढलास तू. त्या गर्दीत तुला कधी घेरी आली नाही, उलट गिऱ्हाईक कमी झालं की तुझं डोकं धरायचं.

मी माझ्या शेजारची खुर्ची मिरीसाठी धरून ठेवली होती. आचाऱ्याला सांगून एक पातेलं बिनतिखटाचं वेगळं काढलं होतं, मिक्सर मागवून ठेवला होता. पोरगी आल्याआल्या माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली होती, की आत्याआजी, वास आधी मी घेणार. अर्ध्या मांडवाने ऐकलं. मी म्हटलं, घे बाई, तुझाच मान. मग पंगत बसली आणि तुम्ही नाही. माझ्याकडे सगळे बघतायत, की ही म्हातारी जेवायला सुरुवात का करत नाही. शेवटी केली सुरुवात. अन्न गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्या सुनेला न्हाणीघरात, खिडकीच्या कट्ट्यावर, सिरिंज सापडली. मोठी, जेवणाची. धुतलेली होती, तू टापटिपीचा आहेस. मी ती कागदात गुंडाळून ठेवलीय. तुला विचारेन विचारेन म्हणत राहिले, की तूच सांगशील. तुझ्या पत्रात मागची मोकळी बाजू आहे. आमच्या घराच्या मागे भिंत आहे, धाकट्या. मोकळं काही नाही.

मी भांडायला लिहीत नाही. पण मिरीचं वजन उतरायला लागलं ते कधीपासून, हे तू कुठेच लिहिलं नाहीस. सूनबाईच्या हाताला काय झालंय? तेच भांडं, तेच अन्न. मग पोरगी वाळते कशी?

खरं ते लिही. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

आशीर्वाद आहेतच, पण पुढचे मिळवायचे तर सरळ लिही.

तुझी,
अक्का

*

दि. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून शर्टाच्या खिशात आहे. चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो. सूनबाईने विचारलं, बाबा, आत्याबाईंची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, कंबर दुखते. एवढंच तोंडातून निघालं.

हो, न्हाणीघरातच नेलं. मिरीला घेऊन तुझ्याकडे येत होतो तेवढ्यात तुझ्या व्याह्यांचा पाहुणा, तो चष्मेवाला, माझ्या हातातली सिरिंज बघून विचारायला लागला, हे काय, जनावराचं औषध का. मागे चारजण हसले. त्याला माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. मला म्हणता आलं असतं, की माझ्या नातीचं जेवण आहे. एवढंच म्हणायचं होतं गं. पण माझे कान तापले. मी सिरिंज पिशवीत घातली, आमच्या सामानात सूनबाईने गार पिशवीत दिलेली बाटली होती ती घेतली आणि मिरीचा हात धरून आत गेलो. कडी लावली. टॉवेल अंथरून तिला बसवलं, स्वच्छ होतं सगळं, खोटं नाही सांगत. ती विचारत होती, आत्याआजीकडे बसायचं ना, वास घ्यायचा ना. मी तिला म्हटलं.

काय म्हटलं ते लिहायला हात धजत नाही. मी म्हटलं, बाळा, हे बघून लोकांना जेवण जात नाही. त्यांचं जेवण खराब होतं. आपण आपलं गुपचूप उरकू.

 ती कधी गप्प बसते का, तूच सांग. पण बसली. बाहेर वाढप्यांचा आवाज येत होता आणि ती भिंतीकडे बघत होती. परतीच्या गाडीत झोपून गेली. मी म्हटलं, विसरली.

लग्नाहून आल्यावर तिची शाळा पुन्हा सुरू झाली, त्या पहिल्याच आठवड्यात मी इस्त्री करत होतो. ती दोन्ही गणवेश घेऊन आली आणि म्हणाली, आजोबा, ही चीर शिवून टाका, मला टोचते. मी बोट फिरवून बघितलं. कुठे काही टोचत नव्हतं. माझी शिवण आहे, टोचेल कशी. मी विचारायला पाहिजे होतं, की का गं. पण विचारलं तर ती सांगेल, याची मला भीती वाटली. मी शिवणयंत्रावर बसलो आणि शिवून टाकली. दोन्ही. आतून दुहेरी टीप घातली. कापड दुमडून अशी मिटवली, की कधी चीर होती हे सांगून पटू नये.

सूनबाई पहाटे कारखान्यात जाते, संध्याकाळी येईपर्यंत मिरी घरचे कपडे घालून बसलेली असते. इस्त्री माझ्याकडे. तिला कळणार कसं?

नर्सबाई बाळंतपणाला गेल्या, नवीन आल्या. मी शाळेतून मिरीला आणायला गेलो तर या नव्या बाई म्हणाल्या, बरं केलंत, शाळेतलं दुपारचं बंद केलंत, घरी निवांत देता येतं. मी विचारलं, कुणी सांगितलं. त्या म्हणाल्या, मिरीनेच, आणि मीही फ्रॉक बघितला, चीर शिवलेली होती, म्हणजे घरचंच ठरलेलं असणार. अक्का, पोरीचं खोटं माझ्या शिवणीमुळे खरं ठरलं. मी नुसता हसलो आणि हो म्हटलं. हो म्हटलं मी.

बाटली रोज रिकामी घरी येते. मोरीत ओतत असणार. सूनबाई बाटली धुते आणि म्हणते, चला, सगळं घेतलं माझ्या बाळाने.

मी दोन वेळा मिरीशी बोलायला गेलो. ती माझ्याकडे अशी बघते, जणू आमचं दोघांचं काही ठरलंय. आणि ठरलेलंच आहे, मीच ठरवलं. आता तिला ओरडू कोणत्या तोंडाने? आणि सूनबाईला सांगू कसा? ती रोज चाळणी बदलते, वाटलेलं पुन्हा वाटते, आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून विचारते, माझं कुठे चुकतंय. परवा भांड्यावर वाकून रडत होती. मी पेपर वाचत बसलो. पेपर उलटा नव्हता, पण मला एक ओळ वाचता आली नाही.

मला ती सिरिंज पाठवू नकोस.

लोभ ठेव असं म्हणायला जीभ उचलत नाही. तरी ठेव.

धाकटा

*

दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं यंत्राचा सेल संपला.

मला त्या चष्मेवाल्याचा राग नाही. मला राग आहे तो त्या वाया गेलेल्या बिनतिखटाच्या पातेल्याचा. माझ्या घरात, माझ्या शेजारी मी त्या पोरीची जागा धरून ठेवली होती, आणि तू माझ्यावरही भरवसा ठेवला नाहीस. मी त्या पाहुण्याला असं काही ऐकवलं असतं, की त्याला घरी जायचा रस्ता सापडला नसता. पण तू विचारलंच नाहीस. तू आधी आपली मान वाचवलीस.

ऐक. ती पोर उपाशी राहतेय. तिला जेवण नको झालेलं नाही, तिला वाटतंय, मी लोकांना नकोशी झालेय. रोज दुपारी सगळी मुलं डबे उघडतात तेव्हा ती मोरीवर उभी राहून स्वतःचं जेवण ओतते, हे तू डोळ्यांसमोर आण. मी आणलं. मला अन्न गेलं नाही.

आणि सूनबाई. तिच्या हाताला दोष लागतोय आणि तू पेपर वाचतोस.

मी तिला लिहू शकते. पाकीट आणून ठेवलंय, पत्तासुद्धा घातलाय. पण मी लिहिलं तर तिला वाटेल, घरातलं बाहेरून कळलं. आणि मिरीला वाटेल, आजोबा शेवटपर्यंत न्हाणीघरातच बसले. हे तुझ्या तोंडून निघायला हवं. पत्रातून नको, तोंडून. तुझा आवाज मोठा आहे, आज त्याचा उपयोग कर.

पुढची तपासणी कधी ते तू लिहिलं नाहीस. तिच्या आत सांग. नाहीतर मी पाकीट टाकते.

लहानपणी तुझं नाक मीच पुसायची, ते काही वाया गेलं असं मला वाटू देऊ नकोस.

अक्का

*

दि. ९ मार्च

ती. आत्याबाईंना,
मिरीच्या आईचा सा. न. वि. वि.

बाबा म्हणाले, तुम्हाला मी कळवावं, त्यांना लिहवत नाही. म्हणून लिहितेय. नाहीतर आज कुणाला पत्र लिहावं अशी माझी अवस्था नाही.

परवा तपासणी होती. वजन आणखी उतरलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडे बघून सावकाश विचारलं, की मिश्रण फार पातळ होतंय का, वेळा चुकतायत का, नोकरीमुळे दमायला होत असेल तर तसं सांगा. त्या चांगल्या आहेत, पण विचारायचं ते त्या विचारणारच.  मी नुसतं म्हणत राहिले, की सगळं मापाने करते. त्या म्हणाल्या, घरचं जेवण सध्या थांबवू, पुन्हा पावडरवर जाऊ, मशीनने हळूहळू सोडू, तीही उलटली तर काही दिवस इस्पितळात ठेवावं लागेल. लिहायला त्यांनी पेन उचललं होतं.

बाबा नेहमी बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसतात. ते दारात येऊन उभे राहिले. हातात टोपी. म्हणाले, बाई, अन्नात दोष नाही, ते पोरीच्या पोटात जातच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नातलं, न्हाणीघरातलं, ती वाक्यं जशीच्या तशी, चीर शिवली ते, शाळेत हो म्हटलं ते. इतक्या मोठ्या आवाजात, की बाहेरचे पेशंट बघायला लागले. मी त्यांना हळू बोला म्हणायला हवं होतं. 

आणि मिरी ओरडली, की आजोबा खोटं बोलतायत, चीर मीच शिवली. बाईंनी विचारलं, कशाने शिवलीस. म्हणाली, सुईने. ती शाळेतून सरळ आली होती, अंगात गणवेशच होता. बाईंनी तिला जवळ घेतलं, पट्टी उलटून बघितली. आत शिवणयंत्राची सरळ दुहेरी टीप.  बाईंनी पेन खाली ठेवलं.

आम्हाला पुढच्या तपासणीपर्यंत वेळ दिलाय. घरचंच जेवण, पण दुपारचं गेलंच पाहिजे. नाही गेलं तर पावडर आणि मशीन.

बसमध्ये मी बाबांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, उलट्यांची गादी मी जन्मभर धुतली असती, पण हे धुऊन निघणार नाही. कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायला विसरला. बाबांनी मान वर केली नाही. तेव्हापासून ते आमचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने जेवतात. मिरी त्यांना टेबलावर बोलावते, मी बोलावत नाही. मला अजून जमत नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला काय वाटेल ते वाटो.

पण एक गोष्ट त्यांच्याजवळ बोलले नाही, ती तुम्हाला लिहिते. कारखान्यात माझ्या कपाटाच्या दारावर मिरीचा फोटो आहे. मी तो गळ्यापासून खाली कापलाय. कुणी विचारलं, की लेक काय खाते हो, तर मी सांगते, सगळं खाते. एवढंच सांगते. बाबांनी कडी लावली, मी कात्री लावली. त्यांच्यावर ओरडताना हे मला सारखं आठवत होतं आणि मी आणखी जोरात ओरडत होते.

चीर बाबांनी त्याच संध्याकाळी उसवली. पण मिरी शाळेत अजून घेत नाही. आता खोटं बोलत नाही, बाटली भरलेली परत आणते. नव्या नर्सबाईंनी वेगळी खोली देऊ केली, तर तिथेही नको म्हणते. मला काय करावं ते कळत नाही.

तुमचा लोभ आमच्या सगळ्यांवर असावा, म्हणजे बाबांवरही.

तुमची,
सून

*

दि. २८ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सूनबाईने तुला लिहिलं हे तिने मला सांगितलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती माझ्याशी आता कामापुरतं बोलते. मीठ कुठे आहे, छत्री घ्या, एवढं. तेवढं बोलते हेच पुष्कळ आहे. तू पाकीट टाकलं नाहीस, त्याबद्दल काय लिहू? पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, वजनाचं काय ते तेव्हा कळेल. माझा जीव टांगणीला आहे. पण या आठवड्यात जे झालं ते तुला आजच सांगावंसं वाटलं.

सोमवारी मी गादीवर चादर घालत होतो. मिरी दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, आजोबा, तुम्हाला माझी अजून लाज वाटते का?

मी नाही म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं, कोण म्हणालं असतं हो? पण एकदा गोड बोलून काय झालं ते मी बघितलं होतं. मी चादर तशीच धरून उभा राहिलो. म्हटलं, तुझी नाही, पण लोक बघायला लागले की अजून कान तापतात माझे. पहिल्यापेक्षा कमी. पण तापतात.

मला वाटलं, रडेल.  ती म्हणाली, माझे पण. आणि चादरीचं दुसरं टोक धरून ओढायला लागली.

चादर नीट झाल्यावर तिने आपला निकाल सांगितला. म्हणाली, शाळेत घेईन, पण नर्सबाईंच्या खोलीत नाही, मुलं जेवतात तिथे. आणि नर्सबाईंनी नाही द्यायचं. तुम्ही यायचं. मी म्हटलं, अगं, माझे हात थरथरतात, दुसऱ्या कुणाला तरी घे. तर म्हणाली, घरी थरथरत नाहीत वाटतं? मी म्हटलं, घरी तुझी आई असते. म्हणाली, मग मी आहे ना. माझी पाचावर धारण बसली होती, पण मी हो म्हटलं.

शाळेच्या बाईंची परवानगी काढली. बुधवारी गेलो. सूनबाईने बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

मुलांचं जेवणघर म्हणजे एक लांब खोली, बाकडी, आणि इतका गोंगाट, की तुझं यंत्र फुटलं असतं. मिरीने मधलं बाकडं निवडलं. मी म्हटलं, कोपऱ्यात बसू, वारा येतो. ती म्हणाली, इथेच. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. पट्टी उघडली, नळी जोडली, आधी पाणी सोडलं. थोडं पाणी बाकड्यावर सांडलं. खोली हळूहळू गप्प झाली.  माझे कान लाल झाले असणार.

मग एक दात पडलेला पोरगा येऊन उभा राहिला. विचारतो कसा, दुखतं का. मिरी म्हणाली, नाही. दुसरी म्हणाली, आज काय आहे. मिरी म्हणाली, भात, डाळ, पालक आणि अंडं, म्हणून हिरवं दिसतंय. तो पोरगा म्हणाला, माझ्या डब्यात पण अंडं आहे, आणि त्याने डबा उघडून दाखवला. तिसऱ्याने विचारलं, नळीतून आइसक्रीम जातं का. मिरी म्हणाली, वितळवून. तर तो म्हणाला, मग काय मजा? ती म्हणाली, वास घ्यायचा आधी, गाढवा.

सगळं गोड झालं असं नाही हं. समोरच्या एका मुलीने तोंड वाकडं केलं, डबा उचलला आणि दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. मी बघितलं. मिरीने पण बघितलं. तिचं बोलणं थांबलं. सिरिंजमध्ये अर्धं उरलं होतं. मला वाटलं, संपलं, आता ती नळी काढा म्हणणार. त्या मुलीवर काय ओरडू? लेकरू आहे ते.  हात वर धरून बसलो. पालक आपला हळूहळू उतरत होता.

आणि तेवढ्यात मिरीने मला कोपराने ढोसलं. म्हणाली, आजोबा, सरका ना जरा. तुमच्यामुळे मला कुणी दिसत नाहीये.

मी बघितलं तर खरंच, अक्का. मी स्टूल कधी सरकवलं मला कळलंच नव्हतं. खांदे पुढे काढून, पाठ सगळ्या खोलीकडे करून, मी तिच्यासमोर भिंतीसारखा बसलो होतो. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. अंगच तसं वळलं.

मी सरकलो. स्टुलाचा केवढा तरी आवाज झाला. उरलेलं सगळं उतरेपर्यंत मी बाजूला बसलो होतो आणि ती समोर बघत होती.

तुझ्याकडचा लोभ थोडा आटला असेल, तर जो उरला असेल तो राहू दे.

तुझा,
धाकटा